पावसात स्नीकर कसे जपायचे

आधी एक छोटी परीक्षा. बोट पाण्यात बुडवा आणि एक थेंब तुमच्या स्नीकरच्या पुढच्या भागावर अलगद सोडा. बूट स्वेडचा, म्हणजे बारीक लव असलेल्या मऊ लेदरचा असेल तर टाचेजवळची सहज दिसणार नाही अशी जागा निवडा, कारण स्वेडवर एका थेंबाचाही डाग राहू शकतो. थेंब मण्यासारखा गोल राहिला आणि बूट तिरका केल्यावर घरंगळून गेला, तर पाणी झटकणारा थर अजून शाबूत आहे. थेंब चपटा होऊन पसरला आणि मिनिटभरात तिथे गडद ठिपका पडला, तर बूट पाणी पितोय. रोजच्या वापरातले बरेचसे स्नीकर दुसऱ्या गटात निघतात. त्यात बुटाचा दोष नाही. पाय मोकळा राहावा, हवा खेळावी म्हणून ते मुद्दामच तसे बनवलेले असतात.

माझा अनुभव असा, की बूट पावसात जितके खराब होतात त्याहून जास्त ते घरी आल्यानंतरच्या पहिल्या रात्री खराब होतात. माझी एक पांढरी कॅनव्हासची जोडी चिंब भिजली होती. सकाळी पुन्हा घालायची म्हणून मी ती हीटरसमोर ठेवून झोपले. सकाळी बूट कोरडे होते, पण डाव्या बुटाची रबरी पट्टी पुढून उकलली होती आणि शिवणीच्या कडेने पिवळसर रेघ उमटली होती. पावसाच्या दोन तासांनी काही बिघडलं नव्हतं. हीटरच्या सहा तासांनी बिघडलं. म्हणून या लेखात स्प्रेबद्दल सांगेनच, पण वाळवण्याबद्दल जास्त सांगणार आहे.

पहिली पायरी: पाणी कुठून शिरतं ते शोधा

बूट हातात घ्या आणि उजेडात फिरवून बघा. जिथे टाका आहे तिथे सुईचं भोक आहे, आणि प्रत्येक भोक ही पाण्याची वाट आहे. काही स्नीकरचा तळ कपासारखा खोलगट असतो आणि त्याच्या कडेने गोल शिवण फिरवलेली असते. ती शिवण जमिनीपासून जेमतेम बोटभर उंच असते, त्यामुळे डबक्यात पाय पडला की पाणी सगळ्यात आधी तिथून येतं. कॅनव्हासच्या बुटांची रचना वेगळी असते. त्यांच्या कडेने रबराची पट्टी चिकटवून पूर्ण बूट भट्टीत तापवतात. गंधक आणि उष्णता देऊन रबर टिकाऊ करण्याची ही युक्ती अमेरिकन संशोधक चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडली आणि १८४४ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं. पट्टी अखंड असेल तर कडेने पाणी फारसं येत नाही. मात्र चवडा वाकतो त्या जागी तिला बारीक चिरा पडतात किंवा ती कापडापासून सुटते. बूट दोन्ही हातांनी वाकवून नेमकी तीच जागा तपासा.

त्यानंतर बुटाची जीभ. ती दोन्ही बाजूंनी मोकळी असेल तर तिच्या कडेने पाणी सरळ पायावर येतं. काही बुटांमध्ये जीभ कडांना पातळ कापडाने जोडलेली असते, ते बूट पावसात बरेच चांगले ठरतात. नाडीची भोकं आणि आतल्या बाजूची हवेची दोन भोकं सहज दिसतात, त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

एक वाट मात्र जवळपास सगळेच विसरतात, ती म्हणजे वरची. पँट गुडघ्यापर्यंत भिजली की पाणी कापडातून खाली उतरतं, मोज्यात जातं आणि मोजा ते बुटाच्या आत पोचवतो. बाहेरून बूट कोरडाठाक आणि आत पाय ओला, हे असंच घडतं. अशा वेळी स्प्रेला दोष देऊ नका. पँट घोट्याच्या वर दुमडणं हा त्यावरचा साधा उपाय आहे.

नक्की कळत नसेल तर बुटात कोरडे टिश्यू पेपर सैलसर भरा आणि तो पसरट ताटलीत साधारण एक सेंटीमीटर पाण्यात पाच मिनिटं उभा ठेवा. मग टिश्यू काढून कुठे ओले झाले ते बघा. पुढे ओले असतील तर चवड्याची घडी गळते, कडेला असतील तर शिवण. ही चाचणी कॅनव्हास, जाळी किंवा कृत्रिम लेदरच्या बुटांवरच करा. स्वेडवर मुळीच नको.

दुसरी पायरी: बूट कशाचा आहे ते ओळखा

पुढचे सगळे निर्णय यावर ठरतात. अनेक बुटांच्या जिभेच्या आत किंवा तळाखाली छोटी चित्रं छापलेली असतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे खरं लेदर, विणलेल्या जाळीचं चित्र म्हणजे कापड, चौकटच्या पत्त्यासारखा आकार म्हणजे इतर साहित्य, बहुधा कृत्रिम. कातड्याच्या आकारात चौकट असेल तर ते वरून थर दिलेलं लेदर असतं.

कृत्रिम लेदर स्वतः पाणी पीत नाही, त्यामुळे तिथे फक्त शिवणी आणि जोड सांभाळायचे. गुळगुळीत खरं लेदर थोडा वेळ पाणी सोसतं. पॉलिएस्टरची जाळी पाणी अडवत नाही, पण धागा स्वतः फारसं पाणी धरत नसल्यामुळे ती सगळ्यात लवकर वाळते. सुती कॅनव्हास पाणी आनंदाने पितो आणि सावकाश सोडतो. स्वेड आणि त्याच्यासारखंच लवेचं दुसरं लेदर नुबक सगळ्यात नाजूक. त्यांच्यावरची बारीक लव ओली झाली की चिकटून बसते आणि तशीच कडक होते. आभाळ भरून आलं असेल तर मी स्वेड घालत नाही, स्प्रे मारलेला असला तरी. ज्यांच्याकडे ही एकच जोडी आहे त्यांनी पुढची पायरी नीट वाचावी.

तिसरी पायरी: स्प्रे

पाणी झटकणारा स्प्रे बुटावर प्लास्टिकसारखं अखंड आवरण घालत नाही. तो प्रत्येक धाग्यावर इतका पातळ थर बसवतो, की पाण्याला त्या धाग्याला चिकटण्यापेक्षा स्वतःशी गोळा होऊन राहणं सोपं जातं. म्हणून थेंब मण्यासारखा दिसतो. धाग्यांमधल्या फटी मात्र उघड्याच राहतात. त्यातून हवा जाते, आणि जोर लावला तर पाणीही जातं. पाऊल टाकताना बूट दाबला जातो, तेव्हा डबक्यातलं पाणी त्या फटींतून आत ढकललं जातं. त्यामुळे स्प्रे रिमझिम, शिंतोडे आणि ओल्या गवतासाठी. घोटाभर पाण्यात उभं राहायचं असेल तर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

स्प्रे ढोबळमानाने तीन प्रकारचे मिळतात: फ्लोरिनयुक्त, सिलिकॉनचे आणि मेणावर आधारलेले. फ्लोरिनयुक्त स्प्रे पाण्याबरोबर तेलकट डागही झटकतात, बाकीचे मुख्यतः पाणीच. पण फ्लोरिनची ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यातलं पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं. रोजच्या बुटांसाठी मी फ्लोरिनमुक्त असं स्पष्ट लिहिलेला स्प्रे घेते. तो थोडा लवकर उतरतो, मग परत मारावा लागतो. मला ते चालतं. स्वेडसाठी मात्र डब्यावर स्वेड आणि नुबक असा उल्लेख असलेलाच स्प्रे घ्या.

आता मारायचा कसा. बूट आधी स्वच्छ आणि पूर्ण कोरडा हवा. धुळीवर स्प्रे मारला तर थर धुळीला चिकटतो आणि धुळीबरोबर निघून जातो. नाड्या काढा, बुटात कागद भरा म्हणजे आकार ताठ राहील. जिभेच्या आतल्या बाजूला थोडा मारून वाळू द्या आणि रंग बदलतोय का बघा. काही स्प्रेंनी फिकट स्वेड कायमचा गडद होतो, हे पूर्ण बुटावर कळण्यापेक्षा जिभेवर कळलेलं बरं. मग डबा जोरात हलवून १५ ते २० सेंटीमीटर अंतरावरून, हात सतत फिरता ठेवून, हलका समान फवारा मारा. बूट नुसता दमट दिसला पाहिजे, ओघळ यायला नकोत. अर्ध्या तासाने दुसरा हात द्या. शिवणी, जिभेच्या कडा आणि तळाचा जोड इथे थोडं जास्त लक्ष द्या. त्यानंतर २४ तास बूट घालू नका. तळाखाली फवारा उडाला असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या.

हे सगळं उघड्यावर करा. गच्ची, अंगण, काहीही चालेल, पण बंद खोली किंवा न्हाणीघर नको. हा बारीक तुषार श्वासातून खोल फुप्फुसात गेला तर धाप लागण्यापासून गंभीर इजेपर्यंत त्रास होऊ शकतो. मुलं आणि पाळीव प्राणी दूर असू द्या, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि जवळपास कुठेही ज्योत नसावी.

किती दिवसांनी परत मारायचा, याला कॅलेंडर नाही. चवड्याच्या घडीवरचा थर आधी झिजतो आणि साबणाने धुतलं की बराचसा उतरतो. पावसाच्या दिवसांत अधूनमधून थेंबाची परीक्षा घ्या. थेंब पसरायला लागला की पुन्हा मारा.

कॅनव्हाससाठी आणखी एक जुना मार्ग आहे, मेण. मधमाशीच्या मेणाची किंवा मेणाच्या मिश्रणाची वडी कापडावर घासायची आणि हेअर ड्रायरच्या गरम हवेने ते वितळवून आत जिरवायचं. पाणी छान अडतं, पण कापड गडद आणि ताठ होतं, हवा कमी खेळते आणि ते सहजी परत काढता येत नाही. पांढऱ्या बुटांवर करू नका.

नवे बूट घ्यायचेच असतील तर जलरोधक पडदा असलेले स्नीकर घ्यावेत का, असं मला बरेच जण विचारतात. हा पडदा बऱ्याचदा पीटीएफई नावाचं प्लास्टिक ताणून सच्छिद्र करून बनवलेला असतो. अमेरिकन संशोधक बॉब गोर यांनी १९६९ मध्ये ही पद्धत शोधली. अशा पडद्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान असतात, त्यामुळे पाणी आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. थंड, सततच्या पावसात ते उत्तमच. अडचण एकच: घोट्यावरून पाणी आत गेलं, की तोच पडदा ते बाहेरही जाऊ देत नाही आणि बूट दोन दिवस ओला राहतो. हवा उबदार असेल आणि पाऊस मुसळधार असेल तर मला साधे जाळीचे बूट जास्त सोयीचे वाटतात. भिजतात, पण लगेच वाळतात.

चौथी पायरी: बाहेर असताना

मोजे सुती नकोत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, त्वचा मऊ पडते आणि घर्षणाने फोड येतात. पातळ लोकरी किंवा पॉलिएस्टरचे मोजे बरे. पिशवीत एक कोरडी जोडी ठेवा, पाय कोरडा झाला की निम्मा वैताग तिथेच संपतो.

तळ एकदा उलटा करून बघा. त्यावरच्या खाचा पाण्याला बाजूला जायला वाट देतात. त्या झिजून सपाट झाल्या असतील तर ओल्या फरशीवर पाय सरकणारच, अशा जोडीला पावसात बाहेर काढू नका. सिलिकॉनची वरून चढवायची आवरणं मिळतात. थोड्या अंतरासाठी ठीक आहेत, पण गुळगुळीत फरशीवर काहींची पकड कमी असते.

आणि एक विनंती: ओला बूट टाचेवर दुसऱ्या पायाने दाब देऊन काढू नका. टाचेच्या आत ताठ तुकडा असतो, बऱ्याच बुटांत तो दाबलेल्या तंतूंचा असतो. ओला झाल्यावर तो मऊ पडतो आणि एकदा दुमडला की बुटाची टाच कायमची बसते. खाली बसा, नाड्या पूर्ण सैल करा, हाताने काढा.

पाचवी पायरी: घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास

बूट दाराशी काढून चहाला बसायचा मोह होतो. पण हा अर्धा तास सगळ्यात मोलाचा. नाड्या पूर्ण ओढून काढा. आतली गादी चिकटवलेली नसेल तर बाहेर काढा, कारण बुटातलं बरंच पाणी तिच्यात असतं आणि तिच्याखाली हवा पोचतच नाही. जीभ पुढे ओढून बुटाचं तोंड जितकं उघडेल तितकं उघडा. ओले बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोपऱ्यात ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. ओल्या कापडावर आणि लेदरवर बुरशी एक-दोन दिवसांतच धरू शकते.

चिखलाचं काय करायचं ते साहित्यावर अवलंबून आहे. गुळगुळीत लेदर आणि रबरावरचा चिखल ओला असतानाच पुसा. जाळी आणि स्वेडवरचा चिखल ओला असताना चोळला तर तो धाग्यांत आणि लवेत खोल जातो. जाड थर चमच्याच्या कडेने उचला, बाकीचा पूर्ण वाळू द्या आणि मग मऊ ब्रशने झटका.

डबक्याच्या गढूळ पाण्यात कॅनव्हास किंवा जाळीचा बूट भिजला असेल, तर तो वाळवण्याआधी स्वच्छ पाण्याने एकदा पूर्ण धुवून काढा. हे उलटं वाटेल, आधीच ओल्या बुटाला आणखी ओलं का करायचं? कारण असं: ओल्या भागातलं पाणी वाळताना त्यातला मळ आणि क्षार कडेकडे सरकतात आणि जिथे ओलं संपून कोरडं सुरू होतं तिथे साचतात. म्हणून वाळल्यावर नकाशासारखी तपकिरी कड दिसते. पूर्ण बूट स्वच्छ पाण्याने एकसारखा ओला केला तर मळही निघून जातो आणि कडही उरत नाही. स्वेडवर असा डाग पडलाच, तर त्या डागावरच पाणी मारत बसू नका. शिवणीपासून शिवणीपर्यंतचा पूर्ण तुकडा पाण्याच्या बारीक तुषाराने एकसारखा दमट करा, स्वच्छ फडक्याने टिपा आणि हळूहळू वाळू द्या.

बर्फावर टाकलेलं मीठ किंवा समुद्राचं पाणी लागलं असेल तर लेदरवर पांढऱ्या रेघा उठतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने त्या पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने.

शेवटी जुना टॉवेल बुटाच्या आतबाहेर दाबून धरा. घासू नका, पिळू नका. टॉवेलने टिपलेलं पाणी वाळवावं लागत नाही, त्यामुळे या दोन मिनिटांनी पुढचे कित्येक तास वाचतात.

सहावी पायरी: वाळवणं

आधी कागद. वर्तमानपत्राचे सैल बोळे करून टोकापर्यंत भरा. बूट पांढरा किंवा फिकट असेल तर छपाईचा कागद नको, शाई लागते. कोरा कागद किंवा टिश्यू वापरा. ठासून भरू नका, त्याने जाळी ताणली जाते. पहिले बोळे अर्ध्या तासात काढून बदला, पुढचे तासाभराने, मग दोन तासांनी. कागद भरून विसरून जाणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. पाण्याने भरलेला कागद बुटाच्या आत ओल्या बोळ्यासारखा बसून राहतो आणि हवेची वाट अडवतो. दोन-तीन वेळा बदलल्यावर कागद फक्त दमट निघायला लागला की त्याचं काम संपलं. मग कागद पूर्ण काढून टाका. लेदर किंवा स्वेड असेल तर आकार धरण्यापुरता थोडा चवड्यात ठेवा.

आता पंखा. बूट आडवे किंवा भिंतीला टेकवून तिरके ठेवा, तोंड पंख्याकडे. ओल्या पृष्ठभागाला चिकटून दमट हवेचा पातळ थर असतो. तो जागचा हलला नाही तर वाळणं मंदावतं. पंखा तो थर सतत पळवून लावतो, आणि तेही बुटाला अजिबात तापवत नाही. तळ जमिनीला चिकटलेला राहू नये म्हणून खाली जाळीचा स्टँड किंवा दोन काठ्या ठेवा. हवाच खूप दमट असेल तर बंद खोलीत आर्द्रता कमी करणारं यंत्र किंवा एसी पंख्याच्या जोडीला लावा. उघडी खिडकी अशा दिवशी ओलावा आतच आणते.

उष्णतेला मी इतका विरोध का करते ते सांगते. बऱ्याच स्नीकरचा तळ वरच्या भागाला सोल्युशनने चिकटवलेला असतो, आणि कारखान्यात ते सोल्युशन उष्णता देऊनच चिकटतं केलेलं असतं. बूट पुन्हा तापला की तेच सोल्युशन मऊ पडतं. त्यात ओलं कापड वाळताना आकसतं, जोडावर ताण येतो आणि पट्टी उकलते. मधल्या थरातला ईव्हीए नावाचा मऊ फोम उष्णतेने आकसू शकतो. ओलं लेदर तापलं तर त्याचे तंतू आखडतात आणि एकमेकांना चिकटतात, मग ते पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि वाकवलं की भेगाळतं. म्हणून हीटर, शेगडी, कपडे वाळवायचं यंत्र, उन्हात उभी केलेली बंद गाडी, सगळं वर्ज्य. बूट वाळवायला हेअर ड्रायर घ्यायचाच असेल तर फक्त थंड हवेवर. कडक ऊनही नको, त्याने रंग उडतो आणि पांढरं रबर पिवळं पडतं. सावलीत वारा असलेली जागा शोधा.

किती वेळ लागतो? जाळीचा बूट पंख्यासमोर साधारण रात्रभरात वाळतो, कॅनव्हासला पूर्ण दिवस द्या, आतून जाड अस्तर असलेल्या लेदरला दोन दिवस. पण वेळेवर विसंबू नका. बोटांनी चाचपून कोरडा वाटणारा बूट आत ओला असू शकतो. हात थेट टोकापर्यंत घाला आणि थोडा वेळ तिथेच ठेवा. गार लागलं तर पाणी अजून उडतंय, कारण उडून जाताना ते उष्णता घेऊन जातं. माझी आवडती पद्धत याहून पक्की आहे. बूट कोरडा असताना स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि वजन जिभेच्या आत पेन्सिलने लिहून ठेवा. भिजल्यावर पुन्हा वजन करा. काटा मूळ आकड्यावर परत आला की बूट वाळला. पहिल्यांदा हे केलं तेव्हा कोरडा समजून कपाटात ठेवायला काढलेल्या बुटात अजून किती पाणी आहे ते बघून मी थक्क झाले होते.

सिलिका जेलच्या पुड्यांबद्दल गैरसमज फार आहे. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या जास्तीत जास्त ४० टक्क्यांच्या आसपास ओलावा धरू शकतं. म्हणजे ५ ग्रॅमची पुडी फार तर २ ग्रॅम पाणी घेणार, आणि चिंब बुटात त्याच्या कितीतरी पट पाणी असतं. शिवाय खोक्यातून आलेली पुडी हवेत राहून बहुधा आधीच भरलेली असते. या पुड्या वाळलेल्या बुटांसोबत बंद कपाटात ठेवायला ठीक आहेत. भिजलेला बूट वाळवणं त्यांच्या आवाक्यात नाही.

सातवी पायरी: वाळल्यावरची डागडुजी

स्वेड पूर्ण वाळला की रबरी किंवा पितळी तारांच्या ब्रशने, आधी एकाच दिशेने आणि मग उलट दिशेने, लव उठवा. चकचकीत झालेल्या जागी स्वेडचा खोडरबर हलका घासा. गुळगुळीत लेदरमधलं तेल पाण्याबरोबर थोडं निघून गेलेलं असतं, म्हणून कंडिशनरचा पातळ हात द्या. थोडंच घ्या, जास्त झालं तर चिकट होऊन धूळ धरतं.

पांढरा कॅनव्हास पिवळा पडला असेल तर बहुतेक वेळा आत राहिलेला साबण किंवा मळ वाळताना वर आलेला असतो. सौम्य साबणाने धुवा आणि पाणी अगदी नितळ निघेपर्यंत खळबळा. मग बूट ओला असतानाच त्याला पांढरे टिश्यू घट्ट चिकटवून गुंडाळा आणि सावलीत ठेवा. आता पाणी कापडावरून उडायच्या ऐवजी कागदावरून उडतं, त्यामुळे पिवळेपणा कागदावर येऊन बसतो. कागद वाळल्यावर सोलून काढलात की प्रत्यक्ष दिसेल. क्लोरीनचं ब्लीच वापरू नका, ते कृत्रिम धागे उलट पिवळे करतं आणि सुती धागे कमकुवत करतं.

कुबट वास हे ओलावा उरल्याचं लक्षण आहे. तो जिवाणू किंवा बुरशीमुळे येतो, अत्तराने जात नाही. गादी वेगळी धुवून वाळवा, कापडी बुटात खाण्याचा सोडा रात्रभर भुरभुरून सकाळी झटका. बुरशीचे ठिपके दिसले तर बूट घराबाहेर नेऊन, नाकातोंडाला मास्क लावून ब्रश करा, व्हिनेगर-पाण्याच्या फडक्याने पुसा आणि पुन्हा पूर्ण वाळवा.

तळ थोडासा उकलला असेल तर लगेच बघा, फट वाढत जाते. फटीतली माती आणि जुनं सोल्युशन खरवडून काढा, बूट कोरडा असल्याची खात्री करा, बुटांसाठीचं लवचिक सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावा. डब्यावर सांगितलेला वेळ थांबा, हाताला चिकटेनासं झालं की जोरात दाबा आणि दोरीने घट्ट बांधून २४ तास ठेवा. झटपट चिकटणारा सुपरग्लू इथे चालत नाही. तो कडक होतो आणि चवडा वाकला की तडकतो.

शक्य असेल तर एकच जोडी लागोपाठ दोन दिवस घालू नका. आणि बरीच वर्षं खोक्यात जपून ठेवलेली जोडी पावसात घालण्याआधी तिचा तळ अंगठ्याने दाबून बघा. काही स्नीकरचा मधला थर पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा असतो. हवेतला ओलावा वर्षानुवर्षं त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतो, बूट न वापरतासुद्धा, आणि बंद दमट प्लास्टिकच्या डब्यात तर जास्तच. असा तळ वरून धडधाकट दिसतो आणि पहिल्याच फेरीत वड्यांसारखा तुटून पडतो. अंगठ्याला तो चिकट लागला, किंवा चुरा हाताला आला, तर सोल्युशन लावण्यात वेळ घालवू नका. वरचा भाग चांगला असेल तर बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराला पूर्ण नवा तळ बसवता येईल का ते विचारा.